कॅमेरेवाला येईपर्यंत थांबा

तिसगावजवळच्या आमच्या वाडीची बातमी पूर्वी नगरच्या पेपरात यायची ती शिळी होऊन, आतल्या पानावर, चार ओळींची. मग केबलवर संध्याकाळच्या बातम्या लागायला लागल्या. आता केबल गेली, मोबाईलवरचं चॅनेल आलं. चॅनेलवाला मात्र तोच, हातातला माईक तेवढा नवा.

खोटं वाटेल, पण आमच्याकडे कॅमेऱ्याशिवाय काही घडतच नाही. वृक्षारोपणाचं रोप हातात धरून खड्ड्यापाशी ताटकळलेले सरपंच मी पाहिलेत. एका सत्कारात तर शाल दोनदा पांघरली, कारण पहिल्या वेळी कॅमेरा बंद होता. मला हसू यायचं. माझं काय जात होतं?

त्या उन्हाळ्यात मात्र गेलं. विहिरींनी तळ गाठला आणि टँकर काही येईना. मी अंगणवाडी सेविका. पोरांच्या खिचडीला घरून कळशी न्यायचे, पण घरी तरी कुठून येणार? शेवटी आम्ही बायकांनी रस्त्यावर रिकामे हंडे मांडले. चॅनेलवाल्यानं ते दाखवलं आणि दोन-चार दिवसांत टँकर आला. खरं सांगते, त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

टँकर मारुतीच्या पारापाशी थांबला. आम्ही हंडे घेऊन धावलो, तर सरपंच नारळ घेऊन कॉकपाशी उभे.

"थांबा जरा. कॅमेरेवाला निघालाय."

थांबलो. ऊन डोक्यावर आलं. माझी जाऊ नुकतीच ऊसतोडीवरून परतली होती. तिच्या कडेवरच्या पोराचा पाण्यासाठी रडून रडून घसा बसला. कॉकमधून थेंब गळत होते, तिथं तिनं ओंजळ धरली. ते बघून माझं टाळकंच सरकलं.

"अवो सरपंच, पानी प्यायला आनलंय का दाखवायला?"

"ताई, दम धरा की. बातमी झाली म्हंजी गावाचंच भलं हाय."

"भलं गेलं खड्ड्यात!" म्हणत मी कॉक फिरवला. मग कोण कुणाचं ऐकतंय! बघता बघता टँकर रिकामा.

चॅनेलवाला आला तेव्हा कॉकमधून टिपूस येत नव्हता. सरपंचांनी रिकाम्या टँकरपुढेच नारळ फोडला. चॅनेलवाला मला म्हणाला, "ताई, भरलेला हंडा डोक्यावर घ्या. हसा जरा."

मी हसले. खोटं नाही, अगदी मनापासून हसले. घरात पाणी आलं होतं, सरपंचांची जिरवली होती, का नाही हसायचं?

पुढचा टँकर आलाच नाही. वाट बघून बघून आम्ही पाच-सहा जणी जीप करून तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी आमचं बोलणं मध्येच तोडलं, मोबाईल काढला आणि आमच्यापुढे धरला. पडद्यावर खाली पट्टी पळत होती, "वाडीचा पाणीप्रश्न मिटला." वर मी, डोक्यावर भरलेला हंडा, तोंडभर हसतेय. त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

"या तुम्हीच ना?"

"व्हय," मी म्हणाले. "मीच हाय. पन साहेब, ते पानी त्याच दिवशी सपलं."

साहेबांनी मोबाईल खिशात टाकला आणि आमच्या मागच्या माणसाला पुढं बोलावलं.