चार बोटं हवा

धरणावर आता बऱ्याच होड्यांत जिवंत मासे ठेवायची पेटी दिसते. पहिली कोणी केली असं कुणी विचारलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी विषय बदलतो. पेटी मीच केली, हे खरं आहे. पण तिच्याबद्दलची जी गोष्ट सगळे हसत सांगतात ती खोटी आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं मी ते सांगायचं टाळलं.

जामनेरकडच्या धरणात नाना आणि मी एका होडीवर होतो. नाना माझ्याहून मोठे, मूळचे पारोळ्याचे, बोलणं अस्सल खानदेशी. वल्हं त्यांचं, जाळं माझं. आमच्याकडे मरळीला मागणी, पण गिऱ्हाइकाला ती टबात वळवळताना दिसली पाहिजे. बर्फातली मरळ कोणी हातात धरत नाही. म्हणून आमची बर्फाची जुनी फायबरची पेटी मी कामाला घेतली. एका अंगाने धरणाचं पाणी आत सोडणारी छोटी मोटर बसवली, तिला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडली. दुसऱ्या अंगाला जास्तीचं पाणी बाहेर पडायला भोक पाडून पाइप लावला. भोक झाकणापासून चार बोटं खाली ठेवलं, म्हणजे वर तेवढी हवा राहील. मरळ पाण्यात राहते, पण श्वास घ्यायला वर येते. हवा मिळाली नाही तर ती पाण्यातच गुदमरते. धरणावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मलाही होतं.

नाना पेटीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आपलं घर गळस, आनि तू मासास्ले बंगला बांधी राह्यना का, भाऊ?"

"बंगला माझा, दाराची जबाबदारी तुमची," मी म्हणालो.

दार म्हणजे झाकण. मरळ उडी मारून होडीबाहेर जाते, म्हणून ते बांधावं लागे. नाना स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गाठ मारत. त्यांची गाठ कधी सुटली नाही.

पहिल्याच दिवशी धरणाच्या पार वरच्या टोकाला जाळ्यात मरळ चांगली लागली. पेटी भरली, नानांनी झाकण बांधलं आणि पुढे तोंड करून वल्हं मारायला बसले. वारा समोरून होता. माझ्या पाइपचा जोड गळत होता. पाणी होडीत, बॅटरीच्या बुडाशी साचायला लागलं. मी कमरेचं फडकं काढलं, त्याचा बोळा करून भोकात ठासला. पेटी काठोकाठ भरल्यावर मोटर बंद केली. गळती थांबली, पाण्याचं हिंदकळणंही थांबलं. आपण फार हुशारी केली असं वाटून मी बिडी पेटवली. चार बोटं हवेची आठवण मला काठ येईपर्यंत झाली नाही.

काठाला लागताना बोळा ओढून काढला. जास्तीचं पाणी वाहून गेलं आणि पेटी पुन्हा जशी असायला हवी तशी झाली. व्यापारी चाचा टब घेऊन उभेच होते. नानांनी गाठ सोडली, झाकण उचललं. मरळी पांढरं पोट वर करून पडल्या होत्या.

"बठ्ठा मरी गया," नाना हळूच म्हणाले.

चाचांनी ट्यूबची पट्टी उचलून बघितली. "नाना, मच्छी है ये, कपास का गठ्ठा नहीं! इतना कसके कौन बांधता है?"

नानांच्या घट्ट गाठीने हवा कोंडली असं धरून काठावरची माणसं हसली. नानांनी माझ्याकडे बघितलं. ओलं फडकं माझ्या मुठीत होतं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर हसणं माझ्याकडे वळलं असतं, एवढंच. मी फडकं पिळलं आणि हात पुसले.

पुढे मी पाइपचा जोड बदलला. पेटी उत्तम चालली. दुसरे होडीवाले बघायला आले की नाना मागे सरून उभे राहत. "गाठ तूच मार, भाऊ," म्हणत. नंतर वल्हंही धरवेना, हाताचा भरवसा गेला म्हणाले, आणि लेकीकडे पारोळ्याला निघून गेले. घट्ट गाठ दिसली की धरणावर अजून म्हणतात, नानाची गाठ.

एकदा मी पारोळ्याला गेलो, ते फक्त हे सांगायला. एसटीत सगळं वाक्य जुळवलं होतं. नाना ओसरीवर खाटेवर बसले होते, नजर गेली होती. आवाजावरून ओळखलं. लेक चहा ठेवायला आत गेली तसा त्यांनी माझा हात चाचपडत धरला.

"मना हातथून व्हयनं ते, भाऊ. तुनी नवी पेटी. मनमा ठेऊ नको."

मी म्हणालो, "जाऊ द्या नाना, मी केव्हाच विसरलो."

त्यांचा चेहरा सैल झाला. इतका, की त्यानंतर माझं वाक्य बाहेर येईना. मी चहा प्यालो आणि परतीची गाडी धरली. पुन्हा जायचं म्हणत राहिलो, तोवर नाना गेले.

ते वाक्य असं होतं: नाना, तुमची गाठ बरोबर होती. भोकात बोळा मी घातला होता. मला माफ करा.