ऱ्हाईनच्या बोटीवर “या की तुम्हीपण!”

माझं शुद्धलेखन चुकतं, ऱ्हस्व-दीर्घाचा तर मला अंदाजच नाही, आणि अक्षर असं की वाणसामानाची यादी लिहिली तर दुकानात पोचेपर्यंत ती मलाच वाचता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा वाचणाऱ्याने (म्हणजे मीच, ही वही साड्यांच्या खाली असते) माफ करावं. सांगायचं एवढंच, की पुढच्या महिन्यात मी जर्मनीला दहा माणसांची सहल घेऊन निघाले आहे, आणि त्यातल्या आठ जणांना न्यायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं!

मुळात जायचं होतं आम्ही दोघांनीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघंच असे कधी कुठे गेलो नाही. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो तेव्हासुद्धा सासूबाई, नणंद आणि नणंदेचं तान्हं बाळ बरोबर होतं. हे इथे परदेशात, हॅमिल्टनला दुधाच्या कारखान्यात फिटर होते. दुधातून साय वेगळी करणारं एक जर्मन यंत्र यांनी जन्मभर उघडलं आणि परत जोडलं. निवृत्त झाले आणि म्हणाले, “अगं, ते यंत्र बनतं ते गाव एकदा बघायचंय.” (लोकांच्या नवऱ्यांना स्वित्झर्लंड बघायचं असतं!) म्हणून ठरलं, आधी ऱ्हाईन नदीवर बोटीने फिरायचं आणि बोट संपली की रेल्वेने त्या गावाला जायचं. माझ्या बोटीच्या तिकिटाचे पैसे मी शिवणाच्या कमाईतून दिले. कुणाला बोलले नाही, पण त्या दिवशी मी जरा ताठच चालत होते.

आमच्या मुलाने, निखिलने, तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तर शेजारची शर्ली कुंपणापाशी आली. शर्ली सत्तरीची, एकटी राहते. पूर्वी शाळेची बस चालवायची. कडाक्याच्या थंडीतसुद्धा पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला! मी तिला जर्मनीचं सांगितलं.

“ओ, लव्हली!” ती म्हणाली. “लकी यू!”

आता समोरचं माणूस असं म्हणाल्यावर आपण काय म्हणतो? तेच मी म्हणाले. “यू ऑल्सो कम!” म्हणजे, या की तुम्हीपण! यावर समोरच्याने “छे हो, आम्ही कुठे!” म्हणायचं, आपण “बघा हं!” म्हणायचं आणि आपापल्या घरी जायचं. आपल्याकडे सगळा शेजार यावर चालतो. पण हे शर्लीला कुणी सांगितलंच नव्हतं!

संध्याकाळी ती दारात उभी. “सुलू, आय'म इन! सेम बोट, सेम डेट!”

यांच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. ती गेल्यावर म्हणाले, “तू बोलावलंस तिला?”

“अहो, बोलावलं नाही. नुसतं म्हटलं.”

“आजी,” आमची नात मीरा सोफ्यावरून म्हणाली, “यू लिटरली इन्व्हाइटेड हर.”

“उद्या जाऊन सांग तिला,” हे म्हणाले, “आम्हाला दोघांनाच जायचंय म्हणून.”

“इंग्रजीत?”

“नाही, संस्कृतात!”

सकाळी डबाभर शंकरपाळे घेऊन मी गेले. रस्ताभर (रस्ता म्हणजे दोन फाटकं!) “ओन्ली टू, ओन्ली टू” घोकत होते. आत तिची लोअर हट गावची बहीण बार्बरा आणि तिचा नवरा केन बसलेले. शर्लीने माझा हात धरला आणि त्यांना म्हणाली, “माझा नवरा गेल्यापासून मला कुणी कुठे चल म्हटलं नव्हतं. धिस लेडी आस्क्ड मी.” तिचे डोळे भरले होते. “ओन्ली टू” राहिलं बाजूला, मी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. बार्बराही डोळे पुसत माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मला इंग्रजीत पटकन काय येतं?

“यू ऑल्सो कम!”

बायकोला म्हणायचं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून वर “मिस्टर ऑल्सो!”

घरी आले. हे दारातच.

“सांगितलंस?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“बहीण आणि मेहुणे पण येतायत.”

हे तडक बागेत गेले आणि आदल्याच दिवशी कापलेलं गवत पुन्हा कापून आले.

यांचा अबोला चालला असता, पण पापाकुराला राहणाऱ्या, आमच्या ओळखीच्या देसायांचा फोन आला. मी ऐकत होते. “काय राव, मजा आहे तुमची,” तिकडून देसाई म्हणाले असणार, कारण हे म्हणाले, “चला की मग!” तिकडून छे छे झालं. हे म्हणाले, “नाही नाही, खरंच चला!” आणि मग यांचा चेहरा पडला. देसाई म्हणत होते, “आता एवढा आग्रहच करताय तर आम्ही दोघंही येतो...”

 मी यांना पाणी आणून दिलं.

त्यात बार्बराने तिच्या विणकामाच्या तीन मैत्रिणींना सांगितलं आणि त्याही यायला निघाल्या. हे हळूच मला म्हणाले, “बोटीवर येऊ देत. पुढे आपण दोघंच. दुधाचं यंत्र बघायला कोण येतंय?” मलाही तेवढाच आधार उरला होता.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले. निखिलने टीव्हीवर नकाशा लावला. केनने विचारलं, बोटीनंतर तुम्ही कुठे? यांनी लाजत यंत्राचं सांगितलं. केन ताडकन उठला! त्याने जन्मभर गाई पाळल्या होत्या. “माय मिल्क वेंट थ्रू दॅट थिंग!”

मग काय! यांनी माझं पातेलं आणि डाव आणला, दूध कसं गरगर फिरतं, जड ते बाहेर कसं जातं, साय मधे कशी राहते, सगळं करून दाखवलं. गालिचावर दूध सांडलं. बायका विणकाम सोडून पुढे सरकल्या. यांचा चेहरा इतका उजळलेला मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. आणि त्या भरात हे दोन्ही हात पसरून म्हणाले,

“ऑल ऑल्सो कम!”

“स्वीट ॲज!” केन म्हणाला. म्हणजे इकडच्या भाषेत, झकास!

मी यांच्याकडे बघितलं. हे पातेल्याकडे बघत होते.

रात्री भांडी पुसताना म्हणाले, “रागावलीस? पण पहिल्यांदाच कुणीतरी ते यंत्र शेवटपर्यंत ऐकलं गं.” (खरं आहे. मला साय यायच्या आतच झोप लागते.) मी म्हटलं, “न्या सगळ्यांना. मला तुमचा तो चेहरा तिथे पुन्हा बघायचाय.” आणि ते मी अगदी मनापासून म्हणाले, रीत म्हणून नाही.

दोन दिवसांनी निखिल म्हणाला, “आई, दहा जण झाले की बोटवाले ग्रुप लीडरचं भाडं परत देतात. कोणाचं नाव टाकू?” मी यांच्याकडे बोट दाखवलं. शर्ली तिथेच होती. “नो वे! सुलू आस्क्ड अस.” शाळेत कधी हात वर न केलेली मी, कागदावर सगळ्यांच्या वर! मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात लपले आणि तिथे एकटीच हसले.

काल माझ्या बोटीच्या तिकिटाचे पैसे खात्यात आले, सगळेच्या सगळे, एक सेंटही कमी नाही. लोक हुशारीवर पैसे मिळवतात. माझी भीडच कमावती निघाली!