परत येण्याचा पुरावा

व्हिसाला लागणाऱ्या कागदांची यादी मी पहिल्यांदा छापून घेतली तेव्हा ती चार पानं भरली, आणि मला इतका आनंद झाला की धाराशिव ते वाशी एसटीत उभ्यानं मी ती दोनदा वाचून काढली. मी धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. वीस वर्षं झाली, फळ्यावर आल्प्स पर्वत काढतेय, हिमनदी कशी सरकते ते हातवारे करून सांगतेय, आणि स्वतः बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला. यादी हातात आली आणि वाटलं, आता कागद जमवले की निघालोच.

निघालो म्हणजे मी आणि आई. खरं तर ही टूम आईचीच. आमचं गाव वाशी तालुक्यात. घरी चार म्हशी, दूध गावातल्या खव्याच्या भट्टीवर जातं. आई कुठल्या लग्नाला गेली तरी अक्षता पडल्या की तिचं लक्ष सूर्याकडे, कारण संध्याकाळच्या धारेला तिला घरी पोचायचं असतं. आमची मोठी म्हैस दुसऱ्या कुणाला जवळ उभं राहू देत नाही. तर मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. स्वित्झर्लंडमध्ये उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गायी सप्टेंबर संपत आला की वाजतगाजत खाली गावात आणतात. गायींच्या डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात कळशीएवढाल्या घंटा, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघे.

आईनं तो बघितला. परत लाव म्हणाली. तिसऱ्यांदा लावल्यावर ओरडलीच, "अगं, हा तर तेंचा पोळा!"

मग जरा थांबून म्हणाली, "पन आपन बैल सजवतो. हे तर गायी सजवायलेत. दूध देनारीला."

"आवडलं का?"

"मला हे बघायचंय."

आईनं आजवर माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. साडी आणली तरी "कशाला आनलीस" हेच ठरलेलं. त्यामुळे हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, चल. त्या एका शब्दानंतर आमच्या घरात जी धांदल उडाली ती वर्षभर निवली नाही.

पासपोर्ट निघाला. ठाण्यातला हवालदार चौकशीला आला आणि चहा पिता पिता त्यानंच आईला विचारलं, "काकू, तिकडं लई थंडी असती म्हणं, खरं हाय का?" मग मी व्हिसाच्या मागे लागले. स्वित्झर्लंडसाठी जो व्हिसा लागतो त्याला शेंगेन म्हणतात. तो एक मिळाला की युरोपातल्या बऱ्याच देशांत फिरता येतं. त्यासाठी विमानाचं जाण्यायेण्याचं आरक्षण, राहण्याची सोय, प्रवासाचा विमा, आणि कुठल्या दिवशी कुठे असणार याचा तक्ता, असं सगळं द्यायचं. तो तक्ता मी तीन रंगांत केला. वर्गात नकाशे काढायची हौस तिथं कामाला आली.

यादीत शेवटच्या पानावर एक कलम होतं. तुम्ही फिरून झाल्यावर आपल्या देशात परत जाणार, याचा पुरावा. नोकरी, शेती, घर, काहीतरी असं की ज्याच्यासाठी माणूस परत येईल. माझं सोपं होतं. प्राचार्यांनी रजा मंजूर केल्याचं पत्र दिलं, झालं. आईसाठी मी घरातली पत्र्याची पेटी उघडली आणि एकेक कागद बाहेर काढत गेले. सातबारा वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. घराचा उतारा अण्णांच्या नावावर. दुधाचं कार्डसुद्धा अण्णांच्याच नावावर, आणि अण्णांनी जन्मात म्हशीच्या सडाला हात लावलेला नाही. विजेचं बिल आजोबांच्या नावानं येत होतं, आणि आजोबांना जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते. म्हणजे आमच्या घरात गेलेल्या माणसाच्या नावावर वीज होती, पण आईच्या नावावर काही म्हणता काही नव्हतं.

मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, तिच्या नावावर काहीच कसं नाही?"

"नावाचं काय घिऊन बसलीस? सगळं तिचंच हाय की."

राग माझ्या नाकावर असतो असं आई नेहमी म्हणते, पण तेव्हा मी इतकी हवेत होते की भांडायला वेळ नव्हता. अण्णांचा सातबारा जोडला, अण्णांची बायको आहे असं पत्र जोडलं, आणि आम्ही पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. व्हिसाच्या त्या गारेगार कार्यालयात आई खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि समोरच्या भिंतीवरच्या डोंगराचा फोटो बघत होती. नंबर आला तरी उठेना. म्हणाली, "थांब गं, ह्यात गायी कुठं दिसत्यात का बघते."

जुलैत दोघींचे पासपोर्ट कुरिअरनं आले. माझ्यात व्हिसा चिकटवलेला होता. आईचा पासपोर्ट कोराच, सोबत एक कागद. त्यावर नकाराची कारणं ओळीनं छापलेली, आणि एका चौकटीत खूण. मी तो कागद ओसरीवर उभी राहून वाचला. व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल खात्री वाटत नाही, असा त्याचा अर्थ.

आई भाकरीचं पीठ मळत होती. तिला सांगावंच लागलं.

"म्हंजी? म्या तिथंच राहीन म्हन्त्यात व्हय?"

"तसंच."

ती आधी हसली. पिठाचे हात तसेच वर धरून हसली. "माझ्या म्हशी इथं टाकून? मी?" मग हसणं थांबलं. परातीकडे बघत ती म्हणाली, "जाऊ दे. तू जाऊन ये. मला मोबाइलवर दाव." आणि परत पीठ मळायला लागली, जरा जास्तच जोरात.

माझा मात्र तोल सुटला. त्या देशाला, त्या वकिलातीला, त्या चौकटीला, सगळ्यांना मी मोठमोठ्यानं नावं ठेवली. अण्णा गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, नेहमीसारखे "जाऊ द्या आता" म्हणतील आणि पारावर जातील. ते पारावर गेलेच नाहीत. जेवण झाल्यावर पत्र्याची पेटी उघडून बसले.

सकाळी त्यांनी धुतलेली टोपी घातली आणि मला म्हणाले, "गाडी काढ. तलाठ्याकडं जायाचंय."

तलाठी कार्यालयात चार माणसं आधीच बसलेली. अण्णांनी अर्ज पुढे केला. हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्याला लावता येतं, अर्ज नवऱ्यानं करायचा असतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे कधीपासून माहीत होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

तलाठी तरुण होता. अर्ज वाचून त्यानं हळूच विचारलं, "काका, घरात काही भानगड झाली का?"

"भानगड कशाची? तिला स्वित्झर्लंडला धाडायचीय."

चौघेही हसले. एकजण म्हणाला, "म्हंजी आता परदेशात सोयरीक का?" अण्णांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. अण्णा आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "हसू नका. त्या लोकांनी लिवून दिलंय, ही बाई परत येईल ह्याची खात्री न्हाय. का तर तिच्या नावावर काई न्हाय. म्या रातभर इचार केला. तेंनी ह्यात खोटं काय लिवलंय, मला कुणीतरी सांगा."

तलाठ्यानं अर्जाचा नंबर दिला. मी दारात उभी होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला अण्णांच्या पाया पडावंसंही वाटलं आणि इतकी वर्षं कुठे होतात म्हणून भांडावंसंही वाटलं. दोन्ही राहून गेलं.

फेरफाराची नोटीस चावडीवर लागली. पंधरा दिवस कुणी हरकत घेतली नाही तरच नाव लागणार. मी स्टाफरूममध्ये बसून बोटांवर दिवस मोजायची: फेरफार मंजूर व्हायला इतके, पुन्हा पुण्याला इतके, उत्तर यायला इतके, आणि तिकडे गायी डोंगरावरून उतरायला इतके. हिशेब एकदा जमायचा आणि एकदा चार दिवसांनी चुकायचा. सहकारी शिक्षिका मला बघून हसायच्या, कारण मी एकाच दिवशी तीनदा कॅलेंडर उलटायची.

ऑगस्ट लागला आणि अण्णा नवा सातबारा घेऊन आले. विहिरीकडचं तीन एकर रान, त्यावर दोघांची नावं. त्यांनी तो आईपुढे धरला. आईनं पदराला हात पुसले, कागद उजेडात नेला, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बोटानं आपलं नाव अक्षर-अक्षर वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता रडेल, आता काहीतरी बोलेल.

"बरं," ती म्हणाली. "वाढू का आता? कालवण निवायलंय."

मी हिरमुसले. इतका मोठा प्रसंग, आणि हिला कालवणाची काळजी!

दुसऱ्या अर्जाला मी सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडलं. सोबत आईच्या वतीनं पत्र लिहिलं. तिनं फक्त एक वाक्य घालायला लावलं: घट बसायच्या आत मी घरी येणार. देवीचा जिल्हा आमचा, नवरात्रात घरची सवाष्ण गावाबाहेर कशी राहील? आता हे त्या साहेबांना कळेल की नाही याची मला शंका होती, पण लिहिलं. घटस्थापना म्हणजे काय हे खाली तीन ओळींत समजावूनही सांगितलं. भूगोलाच्या बाईंना तळटीप दिल्याशिवाय चैन पडत नाही.

निघायच्या आठवडाभर आधी फोनवर संदेश आला की पासपोर्ट परत निघालाय. दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं तर आत आईचा फोटो असलेला व्हिसा. मी स्टाफरूममध्ये अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली. त्यांना मी सांगितलं, "आई चालली आल्प्सला!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवतोय हे त्यातल्या अर्ध्या जणांना माहीत नव्हतं.

मग घरी तयारी. आईला तिकडच्या बायकांसाठी किलोभर खवा न्यायचा होता. मी म्हटलं, दुधाचा कुठलाही पदार्थ नेता येत नाही, नियम आहे. ती चिडली. "घरोघरी गायी हाईत आन खव्याला भित्यात?" शेवटी शेंगदाण्याच्या चटणीवर तडजोड झाली. खरी अडचण मोठ्या म्हशीची होती. ती आईशिवाय कुणाला दूध देईना. शेवटी अण्णांनी आईचं जुनं लुगडं अंगावर गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि धारेला बसले. पहिल्या दिवशी लाथ खाल्ली. चौथ्या दिवशी बादली भरली. पदराआडून मिशा दिसत होत्या, आणि आई भिंतीला धरून खाली बसेपर्यंत हसली.

तिथल्या विमानतळावर रांगेत आईनं माझा हात गच्च धरला होता. काचेमागच्या अधिकाऱ्यानं विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दहा. त्यानं परतीचं तिकीट बघितलं, आईकडे बघितलं, आईनं हात जोडले. त्यानं पासपोर्ट परत दिला. "एवढंच?" आई म्हणाली. "एवढ्यासाठी वरीसभर पळवलं व्हय आपल्याला?"

आणि मग तो दिवस. डोंगराच्या पायथ्याचं गाव, लख्ख ऊन, आणि आधी नुसत्या घंटा ऐकू आल्या. मग वळणावरून पहिली गाय आली, डोक्यावर फुलांचा डोलारा घेऊन, आणि मी चाळिशी उलटलेली बाई लहान पोरीसारखी उड्या मारायला लागले. आई मात्र माझा जाड कोट साडीवर घालून अगदी पुढे जाऊन उभी राहिली. गायींच्या सोबत तिच्याच वयाची एक बाई चालत होती, गालांवर ऊन, हातात काठी. मिरवणूक कुरणात थांबल्यावर आई सरळ तिच्याजवळ गेली. गायीच्या पाठीवरून हात फिरवला. गाय हलली नाही. ती बाई हसली.

आई मला म्हणाली, "इचार तिला, ह्या गायी कुणाच्या नावावर हाईत?"

"आई, असं कुणी विचारतं का?"

"इचार."

मी इंग्रजीत विचारलं. तिला मोडकंतोडकं येत होतं. तिनं काठी छातीशी नेली आणि म्हणाली, माझ्या. तिच्या आईकडून तिला आलेल्या.

मी आईला सांगितलं. आईनं मान हलवली, कोटाची बटणं सोडली, साडीचा पदर नीट केला आणि ताठ उभी राहिली.

"आता तिला सांग, माझं बी हाय. विहिरीकडचं रान. सातबाऱ्याला माझं नाव लागलंय."

मी आईकडेच बघत राहिले. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आईनं मला कोपरानं ढोसलं.

"सांग की गं. थांबलीय ती."