दैवशाला गप्प राहिली तो दिवस

दैवशाला खरात मूळची आष्टीची. जालन्यात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ती नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत कॉम्प्युटर बसवायच्या कामाला लागली. चौदा वर्षांत कंपनी वाढली. ऑफिस, पॅकिंग शेड, तीन गोदामं, शीतगृह, या सगळ्यांना जोडणारं नेटवर्क तिनंच कागदावर आखलं आणि तिनंच उभं केलं. कुठली वायर कुठल्या भिंतीतून निघते, हे तिला न बघता सांगता यायचं. बदनापूरला, तिच्या सासरी, शेजारीपाजारी विचारायचे, तुमची बायको करते काय. नवरा धर्मराज सांगायचा, "कंपनीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ना, ते हिच्यामुळं."

पेरणीच्या ऐन तोंडावर, जूनमधल्या एका सोमवारी साडेदहाला, ते बोलणं बंद पडलं. पिशवीवरचा लॉट नंबर कॉम्प्युटरवर नोंदल्याशिवाय गाडी सोडता येत नव्हती. बारा वाजेपर्यंत फाटकाबाहेर तेवीस गाड्या थांबल्या. शीतगृहाचं तापमानही स्क्रीनवर दिसेना, आणि आत पुढच्या वर्षाचं मूळ बियाणं होतं. कंपनीचे इलेक्ट्रिशियन इब्राहीमभाई कुणी न सांगता थर्मामीटर घेऊन तिथं उभे राहिले आणि दर दहा मिनिटांनी तिला फोनवर आकडा सांगू लागले.

दैवशालानं मुख्य मशीन बंद करून चालू केलं. मग बदलूनच पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मशीनवरचे सगळे हिरवे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. मालक राधेश्यामशेठ तिच्या मागं खुर्ची टाकून बसले.

"अजून किती वेळ?"

"बघून राह्यले, शेठ."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठली. आपण उभं केलेलं आपल्यालाच कळत नाही, हे तिला कोणापुढं बोलताही येत नव्हतं. शेवटी तिनं एकेक वायर उपसायला घेतली. सतरावी उपसली आणि दिवे शांत झाले. ती वायर पॅकिंग शेडची होती.

शेडमधल्या स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या डब्यात, एकाच वायरीची दोन्ही टोकं खोचलेली होती. त्यामुळं एकच निरोप गोल गोल फिरून, वाढत वाढत, सगळं नेटवर्क भरून टाकत होता. असं झालं तर ती जागा आपोआप बंद करायची सोय स्विचमध्ये असते. महिन्यापूर्वी तिथल्या वजनकाट्याची जोडणी सारखी तुटत होती, म्हणून दैवशालानं ती सोय दोन दिवसांपुरती काढली होती. परत चालू करायची राहून गेली. हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"वायर खोचली कोणी?" शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांना शेठनी विचारलं.

"म्या," इब्राहीमभाई म्हणाले. "सकाळी पंखा बसवाया आल्तो. लटकून राह्यली होती. निसटली असंल म्हणून लावली."

"पाच तास गाड्या उभ्या आहेत. उद्यापासून येऊ नका."

इब्राहीमभाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं. दैवशाला स्विचकडं बघत राहिली.

संध्याकाळी घरी दोघं जेवायला बसली. तिनं धर्मराजला सगळं सांगितलं.

"मंग सांग ना जाऊन."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल," तो म्हणाला, आणि ताट उचलून आत गेला.

सकाळी ती थेट शेठच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानंच बोलली. शेठनी पूर्ण ऐकून घेतलं.

"काल का न्हाई बोलल्या?"

शेठ म्हणाले, नेटवर्क आता पुण्याची कंपनी बघेल, तुम्ही प्रिंटर आणि किरकोळ दुरुस्ती बघा. इब्राहीमला परत घेऊ, पण बोलवायला तुम्हीच जा.

ती जुन्या जालन्यात त्यांच्या घरी गेली. त्यांची बायको अजीजुन्निसा हिनं खुर्ची दिली आणि दारातच उभी राहिली. दैवशालानं स्विचची गोष्ट सोप्या शब्दांत सांगितली, चूक आपली होती म्हणाली, माफी मागितली.

इब्राहीमभाई म्हणाले, "मला न्हाई माहीत मॅडम, असं बी काही ऱ्हातं त्यात. माझ्या हातानं कंपनी बुडली, येवढंच डोक्यात घेऊन पडलो होतो." मग हळूच म्हणाले, "ये कल बोल्ना था."

ते परत आले नाहीत. पंधरा दिवसांनी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागले.

पुण्याहून दोघं जण आले. दैवशालानं चौदा वर्षांचे सगळे नकाशे टेबलावर पसरले आणि दोन दिवस त्यांना एकेक वायर समजावून सांगितली. कुठं उंदीर लागतात, कुठली भिंत ओलावा धरते, तेही सांगितलं. त्यांनी आभार मानले आणि तिच्यादेखतच मुख्य मशीनचा पासवर्ड बदलला.