उजागरेभाऊंनी दिलेलं उत्तर

रत्नाकर उजागरे नगरहून चेन्नईजवळच्या आवडीला आले तेव्हा त्यांना तमिळचा एक शब्दही येत नव्हता. संरक्षण कारखान्यात तपासनीसाची नोकरी लागली होती. तयार भाग हातात घ्यायचा, मापाला लावून पाहायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. उजागरेंची सही असलेला भाग कधी परत आला नाही, असं निरोप समारंभात त्यांच्या साहेबांनी सांगितलं होतं. भाऊ ते अजून सांगतात, पण फुशारकीनं नाही. आपल्या घराचा पत्ता सांगावा तसं सांगतात.

आमच्याकडची ख्रिस्ती माणसं आवडीत थोडीच. कारखान्यामुळे आलेली पंधरा-वीस घरं. तमिळ चर्चनं त्यांच्या आवारातला हॉल आम्हांला रविवारी सकाळी वापरायला दिला आहे. नऊ वाजता मुलांची शब्बाथशाळा, साडेदहाला मराठी उपासना, मग चहा आणि तासभर गप्पा. शब्बाथशाळेचा वर्ग गेली एकोणतीस वर्षं भाऊ घेतात. मी शाळेत शिकवत होते, पण त्या वर्गात मी कधी लुडबूड केली नाही. भाऊंची पद्धत ठरलेली होती. प्रश्न फळ्यावर, त्याखाली उत्तर, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचं आणि पुढच्या रविवारी तोंडपाठ म्हणायचं. मुलं भराभर म्हणत. आम्हां आईबापांना त्याचं कौतुक होतं.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला पाळकांनी भाऊंच्या हातात एक छापील तक्ता दिला. वरच्या कमिटीनं सगळ्या मंडळ्यांकडून माहिती मागवली होती. अठरा ते पस्तीस वयाच्या ज्या मुलामुलींनी येणं सोडलं, त्यांची नावं आणि समोर कारण. आमच्या यादीत अकरा नावं होती.

"अकराच्या अकरा माझ्या वर्गातली," भाऊ म्हणाले.

म्हणून तर तुमच्याकडे देतोय, असं पाळक म्हणाले. त्यांच्या मनात सन्मानच होता. भाऊंनी तो तसा घेतला नाही. घरी परतताना रस्त्यात ते मला म्हणाले, "बाई, एक-दोन असते तर गोष्ट वेगळी. अकरा तुकडे एकसारखे बिघडले तर तुकड्यांना दोष देत नाहीत."

त्या दिवसापासून त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की यात आपला हात किती.

आमच्या मंडळीत घरभेटीला दोघांनी जायचा रिवाज आहे. भाऊंच्या पत्नीचे, जयवंतीवहिनींचे, गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या जागी मी गेले. मार्चमधलं ऊन, आणि ही मुलं पांगलेली कुठं कुठं. कुणी अंबत्तूरला, कुणी वेलाचेरीला. आम्ही तीन आठवड्यांत नऊ घरं केली. भाऊ प्रत्येक दारात आमच्या मंडळीच्या रीतीनं "सलाम" म्हणायचे, पोरं गोंधळून "हाय अंकल" म्हणायची.

कारणं ऐकून मी थकले. कंटाळवाणी होती म्हणून नव्हे, खरी होती म्हणून. अनय रात्रपाळीला अमेरिकेतल्या लोकांची कामं करतो. रविवारी सकाळी नऊला तो झोपायला जातो. आईनं त्याला उठवून आमच्यासमोर बसवलं. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी तो भाऊंना म्हणाला, की माझा विरोध नाही, पण तिथं बसल्यावर मला काही होत नाही, आणि काही होत असल्यासारखा चेहरा करून बसायला लाज वाटते. भाऊ त्याला झोपू द्या म्हणाले.

शार्दूल मधल्या काळात एका मोठ्या इंग्रजी चर्चला जायचा. पडदे, गिटार, थंडगार हॉल. वर्षभरात तेही सोडलं. आमच्याकडे का येत नाहीस, असं विचारल्यावर तो हसला.

"मिस, रागवू नका. उपासना दीड तासाची असते, चालतं. नंतरचा चहा अवघड जातो. पगार किती, गाडी कुठली, लग्न कधी. मागच्या वेळी तुम्हीच दोनदा विचारलंत."

मी विचारलं होतं. मला वाटलं होतं, आपण आपुलकी दाखवतोय.

भाऊ प्रत्येक घरातून निघाल्यावर जिन्यात थांबून तक्त्यात लिहीत. नोकरीची वेळ. भाषा समजत नाही. चहाच्या वेळचे प्रश्न. लिहून झालं की थोडे सैल होत. आतापर्यंत कुणी वर्गाचं नाव काढलं नव्हतं.

दहावी ऊर्मी. तिच्याबद्दल आधी थोडं सांगायला हवं. तिचे वडील आमच्या मंडळीतले. आई विद्यालक्ष्मी चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची, तंजावरकडच्या मराठी हिंदू घराण्यातली, बँकेत नोकरीला. ऊर्मी सात वर्षांची असताना वडिलांची बदली उत्तरेतल्या कारखान्यात झाली आणि मायलेकी वेस्ट मांबलमला आजीकडे राहायला गेल्या. जाताना वडिलांनी सासूला एवढंच सांगितलं होतं, की पोरीची शब्बाथशाळा चुकू देऊ नका.

त्रिपुरसुंदरीबाईंनी ते मनावर घेतलं. जावयाला शब्द दिला म्हणजे दिला. रविवारी पहाटे आंघोळ, देवपूजा, कपाळाला कुंकू, नऊवारी नेसून नातीचा हात धरून त्या निघायच्या. एक गाडी, मग दुसरी गाडी, मग स्टेशनपासून चालत. नऊच्या ठोक्याला ऊर्मी वर्गात. आजी आत यायच्या नाहीत. हॉलच्या पायरीवर बसून राहायच्या, उपासना संपेपर्यंत. बरोबर फ्लास्क असायचा. वर्ग सुटला की पहिला टंबलर भाऊंना. "वाद्यार, काफी घ्या," म्हणायच्या. वाद्यार म्हणजे गुरुजी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. मला निम्मी कळायची, भाऊंना सगळी. सहा वर्षं हे चाललं. ऊर्मी तेरा वर्षांची असताना आजी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

पेरुंगुडीला आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. आठव्या मजल्यावर ऊर्मीचं घर. आता ती सत्तावीस वर्षांची आहे, तिथल्याच एका कंपनीत काम करते. तिनं आम्हांला पंख्याखाली बसवलं, कॉफी आणली, वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केली. मराठीत तीन शब्द, इंग्रजीत चार, पण बोलणं गोड. भाऊंनी तक्ता काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं.

ती म्हणाली, ऑफिसचं काम फार असतं. भाऊ लिहायला लागले. तेव्हा तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, ते लिहू नका. ते खरं नाही."

मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, मधूनमधून योग्य शब्दासाठी थांबत होती. आजीचे दिवस झाल्यावर पहिल्या रविवारी वडिलांच्या एका मित्रानं तिला वर्गात आणून सोडलं होतं. त्या दिवशी फळ्यावरचा प्रश्न मरणानंतरचा होता. तिनं हात वर करून विचारलं, माझी आजी कुठं आहे. भाऊंनी पुस्तकातलं उत्तर दिलं. ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही ते त्याच्यापासून कायमचे दूर जातात. आणि इतर उत्तरांसारखं तेही फळ्यावर लिहिलं.

"मी वहीत उतरवून घेतलं, काका. सगळ्यांनी घेतलं. पुढच्या रविवारी तुम्ही मलाच म्हणायला सांगितलंत, कारण माझं पाठांतर चांगलं होतं. मी म्हटलं. तुम्ही शाबास म्हणालात."

पंखा फिरत होता. मी भाऊंकडे पाहिलं नाही. मला तो रविवार आठवत नव्हता, पण तसं घडलं नसेल असं मला एकदाही वाटलं नाही. ते शाबास मी शेकडो वेळा ऐकलं होतं.

"रागावले नव्हते मी," ऊर्मी म्हणाली. "दोन महिने आलेही. पण पायरीपाशी आले की वाटायचं, ती इथं बसायची, मला आत पाठवून. आणि आत हे शिकवतात. मग एकदा पोट दुखतंय म्हटलं. नंतर कुणी फार विचारलंही नाही."

भाऊंनी तक्त्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला. त्यांना बचाव करता आला असता. ते उत्तर त्यांनी बनवलेलं नव्हतं, त्यांनाही लहानपणी तसंच पाठ करायला लावलं होतं. त्यातलं काही ते बोलले नाहीत.

"मी त्यांच्या हातची कॉफी सहा वर्षं प्यायलो," ते शेवटी म्हणाले. "त्या कुठं आहेत ते मला ठाऊक नाही, ऊर्मी. तेव्हाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखं बोललो."

ऊर्मीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसलीही थोडी. "एवढंच त्या दिवशी म्हणायचं होतंत," ती म्हणाली.

आता येशील का, असं भाऊंनी विचारलं नाही. येईन असं तीही म्हणाली नाही. निघताना तिनं लिफ्टपर्यंत येऊन भाऊंची पिशवी धरली, ऊन आहे, बसनं जाऊ नका म्हणाली आणि फोनवरून रिक्षा मागवून दिली.

अकराव्या घरी आम्ही गेलो नाही. भाऊ म्हणाले, पुढच्या आठवड्यात पाहू, आणि तो आठवडा आला नाही. अकराव्या नावापुढची जागा कोरी ठेवून तक्ता मात्र त्यांनी पाळकांना नेऊन दिला. ऊर्मीच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, "माझ्या उत्तरामुळे," आणि खाली पूर्ण सही. पाळकांनी ते दोनदा वाचलं. ते वयानं लहान आहेत, भाऊंना मानतात. असं वर कसं पाठवू, म्हणाले. लोक भलताच अर्थ काढतील, आणि शिकवण तर चुकीची नव्हती. भाऊ म्हणाले, शिकवणीचं मला काय कळतंय, मी फक्त तपासलं ते लिहिलं. शेवटी कमिटीला गेलेल्या टाइप केलेल्या कागदात दहा नावांपुढे मिळून तीनच कारणं होती: नोकरी, अंतर, भाषा. मी तो कागद पाहिला. चहाच्या वेळचे प्रश्न त्यातून गळले होते, आणि ऊर्मीच्या नावापुढे होतं नोकरी, जे तिनं लिहू नका म्हटलं होतं तेच.

वर्ग सोडायचं भाऊंच्या मनात होतं. तसं त्यांनी पाळकांना सांगितलंही, पण घेणारं दुसरं कुणी नव्हतं. सध्या वर्गात तीन मुलं आहेत. फळा आहे, प्रश्नही लिहितात. उत्तर लिहायला खडू उचलतात आणि तसेच उभे राहतात. मुलं विचारतात, काका, लिहू का. ते म्हणतात, थांबा जरा. मग मुलं एकमेकांना पेन्सिली टोचतात.

ईस्टरनंतर कौमुदीनं, तिघांतल्या एकाच्या आईनं, पाळकांकडे तक्रार केली. उजागरेकाकांचं वय झालं, पोरांनी काही विचारलं तर मला माहीत नाही म्हणतात, पाठांतरही घेत नाहीत. तिचं म्हणणं रास्त होतं. एवढ्या उन्हात पोराला घेऊन यायचं ते कशासाठी.

चहाच्या वेळी पाळकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्ही शिक्षिका होता, वर्ग तुम्ही घ्याल का. खिडकीतून भाऊ दिसत होते, हॉलमधल्या खुर्च्या एकात एक रचून ठेवत होते, सावकाश. लहानपणी घोकलेली ती सगळी उत्तरं मला अजून पाठ आहेत, झोपेतून उठवलं तरी सांगेन.

मी म्हटलं, वर्ग त्यांच्याकडेच राहू द्या.