देवाने धाडलेली माणसे

देऊळ उभे राहिले की मागे दगडांइतकेच किस्से उरतात. लोक त्यांतले सोयीचे तेवढे सांगतात. किन्हवलीकडच्या आमच्या गावातील मारुतीच्या देवळाचे गैरसोयीचे किस्से माझ्याजवळ आहेत. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे सारे मी स्वतः वाचून शिकलो. गावात संध्याकाळची पोथी मीच वाचत असे. त्यामुळे आरंभापासून मी तिथे होतो, आणि आरंभापासूनच माझे डोके तापलेले आहे.

*

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. देवळासाठी कमिटी झाली, आबासाहेब तिचे प्रेसिडेंट. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी मला सेतुबंधनाचा अध्याय वाचायला लावला. समुद्र प्रकट होऊन देवाला सांगतो, की तुझ्याच सैन्यात विश्वकर्म्याचा पुत्र आहे, पूल तो बांधील. मग वानर झाडे आणि पर्वत उचलून आणतात.

"ऐकलेत?" आबासाहेब म्हणाले. "माणसे देवच धाडतो. सामानही."

दुसऱ्या दिवशी देवाने गावाबाहेरच्या वस्तीतली बारा माणसे धाडली. बोलवायला कोतवाल गेला होता.

*

तुळईसाठी डोळखांबच्या रानातून सागाचे खोड निघाले. बैलगाडी ओढ्यात रुतली, तेव्हा त्या माणसांनी ते दीड कोस खांद्यांवर वाहिले. आबासाहेबांनी खोडाला हळदकुंकू लावले. "देवाची इच्छा असली की लाकूडसुद्धा चालत येते," ते म्हणाले.

वस्तीतला सोमा ओट्याखाली पोटऱ्या चोळत बसला होता. "चालत आलं खरं, आबा. पाय तेवढे आमचे व्हते."

*

चुना मळायच्या घाणीला पाणी फार लागे. चैत्रात वस्तीतल्या बायका ते नदीवरून डोक्यावर आणीत. गावच्या विहिरीला मात्र त्यांना शिवू देत नसत. मी आबासाहेबांना विचारले, "यांच्या हातचे पाणी देवाच्या भिंतीला कसे चालते?"

"चुना सर्व शुद्ध करतो."

सोमाची बायको बुधी घागर रिकामी करीत होती. तिने वरही पाहिले नाही. "मंग थोडा तुमच्या इहिरीत टाका ना, आबा."

*

मूर्तीचा दगड सोमानेच शोधला होता, सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात. काळा, एकही शीर नसलेला. गाडीवाटेपर्यंत चौघांनी तो बांबूवर वाहिला. पुढचा खांदा सोमाचा. पाथरवटाने त्याचा मारुती घडवला. प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी सोमा आंघोळ करून, नारळ घेऊन आला. दगडाचे तोंड कसे झाले, एवढेच त्याला पाहायचे होते.

आबासाहेबांनी त्याला पायरीशी अडवले. "इथूनच हात जोड. दिसतो तो."

"नाय दिसत, आबा. लोकांच्या पाठी दिसतात."

"तू आणलास म्हणून काय झाले? आता तो देव आहे."

"म्हंजे दगड व्हता तंवरच माझा खांदा चालला."

अशा अडवणुकीविरुद्ध कायदा झाला होता. तो मी वाचलेला होता आणि तिथेच आबासाहेबांना सांगितला. ते म्हणाले, "कायदा तालुक्याला. इथे देऊळ आहे."

यावर मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा माझा स्वतःवरचा राग आबासाहेबांवरच्या रागाइतकाच अजून ताजा आहे.

*

त्याच संध्याकाळी नव्या देवळात पोथी झाली. आबासाहेबांनी आग्रहाने पुन्हा सेतुबंधनच वाचायला सांगितले. सोमा घरी गेला नव्हता. पायरीखाली तसाच उभा होता, हातात तोच नारळ. पूल बांधून झाला, तेव्हा खालून त्याचा आवाज आला.

"दादा, एक इचारू? पूल झाल्यावर बांधनारे पलीकडं गेले, का त्यांना अलीकडंच ठेवलं?"

"पोथी बंद करा," आबासाहेब मला म्हणाले.

मी पान उलटले. पुढे स्पष्ट लिहिले होते. मी शब्द न् शब्द सुटा करून वाचला: सारे वानर पुलावरून पलीकडे गेले, आणि देव स्वतः मारुतीच्या खांद्यावर बसून गेला.

सोमाने खांद्यावरचे फडके काढून झटकले. नारळ छातीशी धरला आणि पायरीवर पाय ठेवला.

"थांब," आबासाहेब म्हणाले.

"वाचा, दादा," सोमा म्हणाला. "थांबू नका."