कोंबडा वेदीपाशी, मी काकांच्या दारात

आमच्या चर्चच्या आवारात बोअरचा नळ आहे, आणि त्या नळाला माझ्या सख्ख्या काकांनी कुलूप घातलं होतं. गावाची मोटर जळालेली, शेजारच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन फाटकाशी उभ्या, अन् चर्चचे पंच म्हणून किल्ली काकांच्या खिशात. कारण काय, तर चिखल होतो! मी पत्रक काढलं: ‘तहानलेल्याला पाणी नाकारणारे कुठल्या तोंडानं प्रार्थना करतात?’ मुरुमच्या छापखान्यातून छापून आणलं आणि पहिलं पत्रक काकांच्याच दारावर डकवलं. हळू आवाजात लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही.

काका चर्चला यायचे बंद झाले. कुलूप तसंच.

कापणीच्या उपकारस्तुतीच्या सणाला आमच्यात जो तो घरचं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतो. सोयाबीन, उडीद, भोपळे, अंडी. भक्ती झाली की त्याचा लिलाव. मी आमचा तांबडा कोंबडा नेला. पाळकसाहेबांनी दारातच अडवलं.

“काकांशी बोललीस?”

“नाही.”

“मग अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन समेट करून ये. प्रभूनं तसंच सांगितलंय.”

“पण साहेब, चूक त्यांची आहे!”

“चूक कुणाची, हे प्रभूनं विचारलेलंच नाही. त्यांच्या मनात तुझ्याविषयी काही आहे ना? मग जा. गाणी म्हणताना तर छपराचे पत्रे उडवतेस. प्रभूवर एवढं प्रेम आहे, तर ऐक की त्याचं.”

असा संताप आला! अन्यायाविरुद्ध बोलायचं आपण आणि समेटालाही जायचं आपणच? पण आज्ञा म्हणजे आज्ञा. मग ती शब्दाला शब्द पाळायची. ‘ठेव’ म्हणाले, ठेवला. पायाला सुतळी लावून कोंबडा वेदीच्या कठड्याला बांधला. फाटकातून बाहेर पडेस्तोवर पहिली बांग ऐकू आली. जिवाला जरा बरं वाटलं.

काका ओसरीवर चर्चचा कोट घालून बसले होते. इस्त्री केलेला, गुंड्या लावलेल्या. तिथून आमची गाणी ऐकू येतात.

“आलीस? दुसरं चिकटवायला?”

“न्हाय काका. समेट करायला. पाळकसाहेबांनी धाडलंय.”

“म्हंजी तुला वाटलं म्हणून न्हाय.”

“अजिबात न्हाय.”

काका हसले. मला वाटलं होतं, हाकलून देतील.

“दाराला लावलं त्याची माफी मागते,” मी म्हणाले. “त्यात लिहिलंय त्याची न्हाय मागणार. बायांना पानी पायजे.”

“पायजे, ते कळतंय की मला. पन आता कुलूप काढलं तर पोरीच्या कागदापुढं काका वाकला म्हणतील.” कोटाच्या खिशात किल्ली वाजली. “काढतो मी. पन तुझ्यामुळं झालं, हे गावात बोलायचं न्हाय. गप ऱ्हाशील?”

गप! मी! पुढचं पत्रक डोक्यात छापूनही झालं होतं: ‘जनशक्तीचा दणदणीत विजय!’ त्यापेक्षा अजून एकदा माफी मागणं सोपं होतं. बायांच्या घागरी डोळ्यापुढं आणल्या आणि तो विजय गिळला.

“ऱ्हाते.”

आम्ही चर्चमध्ये शिरलो तेव्हा पापांगीकाराची प्रार्थना चालली होती आणि दर वाक्याला कोंबडा साथ देत होता. बाया पदर तोंडात कोंबून हलत होत्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्या नजरेत समेट कुठंच नव्हता. मग माझ्या मागं काका दिसले आणि साहेबांनी मागचीच ओळ पुन्हा म्हटली.

त्याच दुपारी नळ सुटला. चिखलही झाला.

पुढच्या रविवारी साहेबांनी वेदीवरून काकांचे आभार मानले. प्रभूनं त्यांचं मन मोठं केलं, म्हणाले. काकांनी नम्रपणे मान झुकवली. वा रे नम्रता! टाळ्या सुरू झाल्या तशी आईनं मला कोपर मारलं.

“वाजव की गं!”

वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात. देवावर याहून जास्त प्रेम कुणी केलं असेल, तर पुढं येऊन दाखवावं.